चोरीची विंडोज की हक्काचे लिनक्स?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट देणे थांबवले. त्या दिवशी देशातला एकही संगणक बंद पडला नाही. म्हणूनच आपल्या चळवळीत या घटनेची कुणी दखल घेतली नाही. आदल्या दिवशी चालत होता तोच संगणक दुसऱ्या दिवशीही चालला, पडद्यावर तीच ओळखीची खिडकी दिसली. फरक एवढाच की आता त्या खिडकीची कडी निखळली तर नवी बसवायला कुणी येणार नाही.

कंपनी म्हणते, विंडोज ११ घ्या. विंडोज १० चे लायसन्स असणाऱ्याला ती फुकट मिळते, पण तुमचा संगणक तिच्या लायकीचा असला पाहिजे. त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. ज्याला जुन्यावरच राहायचे आहे त्याला एका वर्षाची मुदतवाढ आहे. त्यासाठी ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून आपल्या संगणकाच्या सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायला द्या.

आमच्या अभ्यासिकेत नऊ संगणक आहेत. पाच एका बँकेच्या शाखेने नवे घेताना काढून टाकलेले, दोन निवृत्त शिक्षकांनी दिलेले, दोन वर्गणी काढून घेतलेले सेकंडहँड. नऊपैकी एकही विंडोज ११ च्या परीक्षेत पास होत नाही. तरीही त्यांच्यावर मुले-मुली रोज एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, अर्ज-निवेदने टाईप करतात. हे संगणक बिघडलेले नाहीत. त्यांना अपात्र ठरवले गेले आहे. या दोन गोष्टींतला फरक आपल्या समाजाला कुणी वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

मग आपल्याकडे काय होते? तालुक्याच्या गावी दोन-तीनशे रुपयांत फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून मिळते. दुकानदार पेनड्राइव्ह लावतो, विंडोज टाकतो आणि मग ती अस्सल आहे असे भासवण्यासाठी एक अ‍ॅक्टिव्हेटर चालवतो. तो चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. हे वाक्य पुन्हा वाचा. घराला कुलूप बसवायला आलेला माणूस म्हणतो की आधी कुत्रा बांधा, दिवे घालवा आणि सगळे बाहेर जाऊन उभे राहा. त्याने आत काय केले ते आपल्याला दिसत नाही. बाहेर आल्यावर तो सांगतो, काम झाले, आणि आपण त्याला पैसे देतो.

कुणी म्हणेल, गरिबाच्या संगणकात चोरण्यासारखे आहे काय? आहे. अभ्यासिकेच्या संगणकात शेकडो विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, आधार कार्ड, बँक पासबुकांचे स्कॅन असतात. कार्यकर्त्याच्या संगणकात अ‍ॅट्रॉसिटीच्या प्रकरणांतील एफआयआरच्या प्रती, पीडित कुटुंबाचे पत्ते, साक्षीदारांची नावे आणि फोन नंबर असतात. ज्या गावात साक्षीदार फोडण्यासाठी पाटलाचा वाडा रात्रंदिवस काम करतो, त्या गावाची यादी आपण अशा संगणकात ठेवतो ज्याचे कुलूप कुणी बसवले हे आपल्यालाच ठाऊक नाही.

भीमा कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फोरेन्सिक कंपनीने २०२१ मध्ये अहवाल दिला. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये ईमेलमधून नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्रॅम शिरला आणि त्याच्या आधारे आत कागदपत्रे पेरली गेली, असे त्यात म्हटले आहे. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि प्रकरण न्यायालयात आहे. आमचा मुद्दा निकालाचा नाही. संगणक ही कार्यकर्त्याच्या विरुद्ध साक्ष देणारी वस्तू होऊ शकते, हे एकदा कळल्यावर तो दोनशे रुपयांच्या क्रॅकवर चालवणे हा बेफिकीरपणा आहे. लिनक्स लावले म्हणजे चिलखत मिळाले असे मुळीच नाही. अनोळखी ईमेलमधली फाईल उघडणारा माणूस कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर फसू शकतो. पण निदान पाया तरी आपण स्वतः, उजेडात घातलेला असावा.

क्रॅकच्या बाजूने आपल्या तरुणांचा एक लाडका युक्तिवाद आहे. भांडवलदाराची वस्तू फुकट वापरली तर त्यात काय बिघडले? उलट हा एक प्रकारचा विद्रोहच! ऐकायला बरे वाटते. पण भांडवलदार या विद्रोहाला घाबरतो का ते पाहा. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना खुले पत्र लिहून सुनावले होते की तुमच्यापैकी बहुतेक जण आमचे सॉफ्टवेअर चोरता. त्याच गेट्स यांचा सूर १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात चीनविषयी बोलताना बदललेला होता. लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, त्यांना त्याचे व्यसन लागेल, आणि पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही पुढच्या दशकात बघू, असा त्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे तुमचा विद्रोह कंपनीच्या हिशेबात आधीच धरलेला आहे. तुम्ही क्रॅक वापरून शिकता, मग दुसरे काही येत नाही म्हणून नोकरीच्या ठिकाणी तेच मागता, तुमची संस्था मोठी झाली की तेच विकत घेते. याला विद्रोह म्हणायचे असेल तर उधारीच्या दुकानात खाते उघडणाऱ्यालाही क्रांतिकारक म्हणावे लागेल.

आमचा खरा आक्षेप याहून खोल आहे. चोरून पाणी पिणे आणि हक्काने पाणी पिणे यांत फरक आहे की नाही? तहान तर दोन्हींनी भागते. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला, हे आपल्याला पाठ आहे. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण १९२७ च्या २० मार्चपर्यंत त्या तळ्याचे पाणी प्यायला कुणी गेले नव्हते, कारण जाण्याची किंमत काय असेल हे सर्वांना ठाऊक होते. बाबासाहेबांनी रात्री गुपचूप घागर भरून आणण्याचा मार्ग सांगितला नाही. दिवसाउजेडी, हजारोंच्या रांगेने, सर्वांच्या डोळ्यांदेखत ते पाणी प्यायले. तहान भागवण्यासाठी तेवढा खटाटोप लागत नाही. तो लागतो हक्क बजावण्यासाठी.

क्रॅक केलेली विंडोज म्हणजे रात्रीची घागर आहे. मिळते, पण ती तुमची नाही. कंपनीने उद्या अपडेट पाठवून पडदा काळा केला तर तुम्ही तक्रार कुठे करणार? संस्थेचे ऑडिट झाले तर कोणती पावती दाखवणार?

आणि दुसरीकडे एक तळे आहे जे कितीतरी वर्षांपूर्वी खुले झाले आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहून जाहीर केला. या दोन्हींच्या मागे जनरल पब्लिक लायसन्स नावाचा करार आहे. तो साध्या भाषेत असे सांगतो: हे सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरा, ते आतून कसे चालते ते उघडून वाचा आणि हवे तसे बदला, प्रती काढून शेजाऱ्याला द्या, बदललेले रूपही वाटा. अट एकच. तुम्ही पुढे वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच सारे हक्क मिळाले पाहिजेत. तुम्ही वरच्या पायरीवर पोहोचलात म्हणून मागची शिडी ओढून घेता येणार नाही. आम्ही समाजशास्त्र शिकताना मक्तेदारी कशी तयार होते यावर पुष्कळ वाचले, पण मक्तेदारी पुन्हा तयारच होऊ नये अशी तरतूद इतक्या कमी शब्दांत क्वचित पाहिली.

विंडोजचा करार वाचलाय कुणी? तो उलटा आहे. तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेत नाही, ते वापरायची परवानगी घेता. आत काय लिहिले आहे ते वाचण्याची सोय नाही, आणि ते उलगडून पाहायलाही करारातच मनाई आहे. ग्रंथ आहे, पण वाचायचा नाही. पुरोहित सांगेल तेवढे ऐकायचे आणि दक्षिणा द्यायची. ही उपमा आम्हाला ओढूनताणून आणावी लागलेली नाही.

परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो, हे जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या तेल कंपनीने अनुभवले. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. स्वतःचेच ईमेल बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली तेव्हा कुठे सेवा परत सुरू झाल्या. तेलशुद्धीकरणाचा एवढा अवाढव्य कारखाना चालवणाऱ्यांची ही गत, तर आपल्या अभ्यासिकेने कोणत्या न्यायालयात जायचे?

आता तळे खुले आहे, मग आपली माणसे तिथे का दिसत नाहीत? इथे आम्हाला मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांशीही दोन शब्द भांडायचे आहेत. पुण्या-मुंबईत, बंगळुरूत त्यांच्या बैठका होतात. त्या सर्वांसाठी खुल्या असतात. पण बोलणे इंग्रजीत, विनोद इंग्रजीत, आणि नवख्याने साधा प्रश्न विचारला की उत्तर मिळते, आधी माहितीपुस्तिका वाचून ये. दार उघडे ठेवले म्हणजे आपली जबाबदारी संपली असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. ज्याच्या घरात पहिला संगणक वडिलांच्या कंपनीतून आला आणि ज्याने पहिल्यांदा माऊस हातात धरला तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, तेही तिघांत एक, या दोघांना ते दार सारखेच उघडे नसते. ठराव पास करणारी नगरपालिका आणि पाणी प्यायला जाणारा माणूस यांच्यात एक लांब रस्ता असतो, तो चालायला सोबत लागते. ती सोबत या मंडळींनी दिलेली नाही. म्हणून रागावून तळ्याकडे पाठ फिरवायची का? आम्ही म्हणतो, आपली रांग आपण काढू.

आमच्याशी वाद घालणाऱ्यांत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा आक्षेप सर्वांत वजनदार होता, त्याला बगल देऊन चालणार नाही. ते म्हणाले, 'बाळांनो, बँकेने टाकलेला संगणक आणि वर फुकटचे सॉफ्टवेअर. आयुष्यभर आमच्या वाट्याला उतरलेलेच आले. आता पोरांनाही तेच देणार का?' मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. ते ज्यांच्या अंगावर घडले त्यांच्या मुखातून आलेला हा प्रश्न आहे, आणि तो भावनिक म्हणून बाजूला सारता येत नाही.

आमचे उत्तर असे आहे. उतरलेले काय आणि हक्काचे काय, याचा निवाडा किमतीवरून होत नाही. संगणक जुना आहे हे खरे, आणि नवा मागण्याची लढाई आपण सोडायची नाही. पण लिनक्स ही गरिबांसाठी काढलेली हलकी आवृत्ती नव्हे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला एकूण एक महासंगणक लिनक्सवर चालतो. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोजच्या जागी उबुंटूवर आधारलेली 'माया' ही प्रणाली आणायचे ठरवले. ज्यांना हवे ते विकत घेता येते ते लोक लिनक्स निवडतात. उतरलेले वस्त्र कोणते म्हणाल, तर दुसऱ्याच्या नावाची, अपडेट नसलेली, क्रॅक मारलेली विंडोज. ती आपली पोरे आज अंगावर घालून फिरताहेत.

दुसरा आक्षेप नोकरीचा. एमएस-सीआयटीमध्ये विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस शिकवतात, सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र मागतात, मग लिनक्स शिकून काय उपयोग? (जाता जाता: एमएस-सीआयटीतल्या एमएसचा अर्थ महाराष्ट्र स्टेट असा आहे. मायक्रोसॉफ्ट नव्हे. आमच्याकडच्या दहापैकी आठ मुलांना तो मायक्रोसॉफ्ट वाटतो, आणि त्यांची चूक फारशी नाही.) खरी गोष्ट अशी की ज्याला लिब्रेऑफिसमध्ये पत्राचा मसुदा, पगारपत्रकाचे सूत्र आणि सादरीकरण करता येते, त्याला वर्ड-एक्सेलची बटणे शोधायला फार तर एक आठवडा लागतो. ज्याला फक्त बटणांच्या जागा पाठ आहेत, तो पुढच्या आवृत्तीत बटण हलले की अडतो. घोकंपट्टीला शिक्षण म्हणायची सवय आपण सोडली पाहिजे.

हे नुसते आमचे मत नाही. केरळात सरकारी आणि अनुदानित शाळांचा आयटी@स्कूल प्रकल्प २००१ च्या सुमारास सुरू झाला तेव्हा तिथेही विंडोजच शिकवायचे ठरले होते. शिक्षक संघटनांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध रेटा लावला आणि पुढच्या काही वर्षांत शाळा लिनक्सवर आल्या. आज 'काईट' या नावाने तो प्रकल्प चालतो, त्याची स्वतःची लिनक्सची आवृत्ती आहे, मल्याळममधून शिकता येते आणि दहावीची आयटीची परीक्षाही त्याच प्रणालीवर होते. दोन लाखांहून अधिक संगणक. केरळची मुले नोकरीत मागे पडली असे कुणी म्हणत असेल तर त्याने समोर यावे. तिथे हे जमले, कारण त्यांनी आधी शिक्षकांना तयार केले. नुसत्या सीडी वाटल्या असत्या तर कपाटात पडून राहिल्या असत्या.

म्युनिकचे उदाहरण आमच्या तोंडावर फेकले जाते म्हणून तेही घेऊ. जर्मनीतल्या या शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. मधल्या काळात महापौर बदलले होते, आणि मायक्रोसॉफ्टने आपले जर्मनीतले मुख्यालय म्युनिक शहरात आणले होते. या दोन गोष्टींचा ठरावाशी किती संबंध, ते ज्याने त्याने ठरवावे. तांत्रिकदृष्ट्या ते शहर लिनक्सवर चालून दाखवलेले आहे. आता त्याच जर्मनीतले श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य आपल्या ३० हजार कर्मचाऱ्यांना लिब्रेऑफिस आणि पुढे लिनक्सवर नेत आहे.

पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न आपल्या शब्दांचा आहे, आणि त्यावर थोडे थांबून बोलले पाहिजे.

गेल्या तीस वर्षांत आपल्या चळवळीने छापले किती! १४ एप्रिलच्या स्मरणिका, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर विकलेल्या पुस्तिका, गावोगावची अनियतकालिके, साहित्य संमेलनांची अध्यक्षीय भाषणे. यातले बहुतेक डीटीपीच्या दुकानात पेजमेकरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप झाले. हे फॉन्ट म्हणजे एक प्रकारचे सोंग होते. फाईलमध्ये मराठी अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेले असते रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की 'भीम' हा शब्द निरर्थक चिन्हांची रांगोळी होतो. युनिकोडमध्ये 'भ' ला स्वतःचा क्रमांक आहे, २३४९, आणि तो जगातल्या कोणत्याही संगणकावर 'भ' च राहतो. जुन्या फाईलमध्ये असा क्रमांक नसतो. म्हणून त्या फाईलमध्ये 'मिलिंद महाविद्यालय' शोधा म्हटले तर संगणकाला सापडत नाही. इंटरनेटवर टाकली तरी कुणाला सापडत नाही.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तो धंदा कंपनीने गुंडाळला. ज्या दुकानांत फाईली होत्या त्यांतली कितीतरी बंद पडली, काहींच्या हार्ड डिस्क भंगारात गेल्या. छापील प्रत पावसाळ्यात भिजली की तो लेख गेला. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नव्हती. बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा छापखाना काढला, तो केवळ छपाई स्वस्त पडावी म्हणून नव्हे. आपला शब्द कुणाच्या मर्जीवर राहू नये म्हणून. आणि आपण काय केले? शब्द आपला, पण तो ज्या पेटीत ठेवला तिची किल्ली दुसऱ्याकडे. एका परक्या कंपनीचा प्रोग्रॅम, दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट, आणि दोन्ही चोरीचे!

लिनक्सवर हे काम करता येते. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये पेजमेकरची फाईल उघडते. मांडणी विस्कटते, पण मजकूर बाहेर काढता येतो. मग जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करायचे. इथे मात्र यंत्रावर सोडून चालत नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचे याच्या नेमके उलट. त्यामुळे 'शिक्षण' आणि 'धर्मांतर' हे दोन शब्द रूपांतरात हमखास मोडतात, आणि 'शेतकऱ्यांचा' मधला र तर कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. प्रत्येक पान माणसाने वाचावे लागते. आमच्याकडे बारावी झालेल्या तीन मुली हे काम करतात. तपासता तपासता त्यांनी १९९० च्या दशकातले लेख वाचले, ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाहीत. तपासून झाल्यावर छपाईची पाने स्क्रायबसमध्ये लावायची. फॉन्ट मुंबईच्या एक टाईपचा 'मुक्त' घ्या किंवा नोटो घ्या, दोन्हींचे लायसन्स खुले आहे. टाईप करायला इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. ज्यांना रोमन उच्चाराने टाईप करायची सवय आहे त्यांच्यासाठी कगप कळफलकही आहे, पण नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्टच शिकावे असे आमचे ठाम मत आहे. महिनाभर बोटे अडखळतात, नंतर आयुष्यभर सुटका.

अडचणी येतात. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर अक्षरशः रडवतात, त्यांचा ड्रायव्हर कंपनीने नीट दिलेलाच नाही. म्हणून प्रिंटर घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का ते विचारा. फ्लेक्सवाल्याला कोरलड्रॉचीच फाईल हवी असते. त्याला पीडीएफ दिली तर बहुतेक वेळा काम होते, पण जयंतीच्या आदल्या रात्री त्याच्याशी वाद घालत बसू नका. शासनाच्या संगणक टायपिंगच्या परीक्षेची तयारी विंडोजवरच्या प्रोग्रॅमवर करावी लागते. डिजिटल सहीचा डोंगल काही सरकारी पोर्टलांवर लिनक्समधून चालायला त्रास देतो. म्हणून आमच्या नऊपैकी एका संगणकावर विंडोज आहे, पावतीसह विकत घेतलेल्या लायसन्सची, आणि त्याच्यावर कुणाचीही कागदपत्रे ठेवायची नाहीत असा नियम आहे. हा दुटप्पीपणा आहे असे कुणी म्हणाले तर म्हणू द्या. मुलीची परीक्षा बुडवून तत्त्व पाळण्यात आम्हाला रस नाही.

उरलेल्या आठांवर लिनक्स मिंट आहे, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. ४ जीबी रॅमवर ती व्यवस्थित चालते. एकाच वेळी ब्राउझरची वीस पाने उघडली तर कोणताही जुना संगणक धापा टाकतो, त्याला लिनक्सचा इलाज नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर मात्र फरक डोळ्यांना दिसतो. पेनड्राइव्हवर मिंट घ्या, तो लावून संगणक सुरू करा, आणि काहीही न पुसता आधी तासभर नुसते वापरून बघा. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर सापडतो का, मराठी नीट दिसते का. पटले तरच पुढे जा. आणि पुढे जाण्याआधी सगळ्या फाईलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. ती प्रत उघडून बघा. नुसती घेतली असे समजू नका.

हे काम एकट्याने करू नका. आठवड्यातला एक दिवस ठरवा, दोघे-तिघे जण बसा, आणि मुलींना हातात स्क्रू-ड्रायव्हर द्या. आमच्याकडे पहिले दोन संगणक मुलांनी उघडले आणि मुली लांबून बघत होत्या. तिसऱ्यापासून आम्ही क्रम उलटा केला.

राहिला सरकारचा प्रश्न. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे. खरेदी करताना मुक्त पर्यायाला प्राधान्य द्यावे आणि तो घेतला नाही तर कारण नोंदवावे, असे त्यात आहे. राज्यांनाही ते स्वीकारण्याची मुभा त्यात आहे. मग सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांत आणि निवासी शाळांत जे संगणक आहेत त्यांचे काय? त्यांच्यावर आज कोणती प्रणाली चालते? त्यातले किती विंडोज १० वर अडकले आहेत? नवे घ्यायचे ठरले तर लायसन्सचा पैसा कोणत्या शीर्षाखाली जाणार, अनुसूचित जातींसाठी राखलेल्या निधीतून की आणखी कुठून? तो पैसा मुलांच्या पुस्तकांवर किंवा ग्रंथपालाच्या पगारावर खर्च होऊ शकतो.

हे प्रश्न सभेत विचारून टाळ्या मिळतील, उत्तर मिळणार नाही. माहितीच्या अधिकारात विचारा. आपल्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून भाषण लिहू नका. वसतिगृहनिहाय संगणकांची संख्या, प्रत्येकावरची ऑपरेटिंग सिस्टीम, आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत सॉफ्टवेअर लायसन्सवर झालेला खर्च, एवढेच मागा. फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. आले की त्याची प्रत आम्हाला पाठवा, न आले तर पहिल्या अपिलाचा मसुदा आम्ही लिहून देऊ.